हरणाऱ्या टीमचं स्कोअरबुक

शनिवार, ५ मार्च २०१६. सकाळी साडेसात. हजर: खेळाडू अकरा, कोच एक, आई-वडील चौदा (त्यांतले दोन ऑफिसच्या कॉलवर), एक आजोबा, घडीची खुर्ची आणि मोठी छत्री घेऊन. गैरहजर: लेफ्ट फील्डचा मुलगा, ताप.

हे मी त्याच दिवशी स्कोअरबुकच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. तिथे हजेरीला जागा नसते, मी पट्टीने रेघ मारून ती केली होती. चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या बॅक ऑफिसात माझं काम आहे, आणि मीटिंग सुरू झाली की आधी कोण आहे आणि कोण नाही हे लिहायचं, हे वळण हाताला लागलेलं आहे.

टीम बेसबॉलची होती. तेरा वर्षांखालच्या मुलामुलींची, एका लहानशा क्लबची. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. शाळेतल्या कुणा मैत्रिणीमुळे तिला हे वेड लागलं आणि तिच्यामुळे मला. पुंगोलला आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले खाली एक नागपूरचं कुटुंब राहायचं. आई संशोधक, मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची. त्या मुलीलाही टीममध्ये मीच ओढलं. लिफ्टमध्ये, भाजी आणताना, सोसायटीच्या गणपतीत, जिथे भेटेल तिथे तिच्या आईच्या मागे लागून. “अगं, शनिवारी सकाळी दोघी एकत्र जातील, एकत्र येतील. तुला तेवढीच सकाळ मोकळी.” ती मोकळी सकाळ तिला कधीच मिळाली नाही, कारण मुलगी महिन्याभरात टीमची पिचर झाली आणि आई दर शनिवारी मैदानावर येऊन बसू लागली.

पिचर म्हणजे चेंडू टाकणारी. आपल्या भाषेत बॉलर. शांत, सडपातळ मुलगी. चेंडू टाकायच्या आधी टोपीची कड दोनदा खाली ओढायची. चिडलेली मी तिला कधी पाहिली नाही.

पहिल्या सामन्याआधी कोचने विचारलं, “स्कोअर कोण लिहील?” चौदा पालकांनी आपापल्या फोनमध्ये पाहिलं. मी हात वर केला.

हात वर करायला मला कारण होतं. माझे वडील नाशिकला क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअरर होते. पोस्टातली नोकरी सांभाळून रविवारी मैदानावर. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून पेन्सिलींना टोक काढत असे, आणि दहाव्या वर्षी पानावर ठिपके आणि आकडे भरायला लागले. कुणी सोपा झेल सोडला की मी विचारायचे, हे कुठे लिहायचं? वडील म्हणायचे, “सुटलेल्या झेलाला रकाना नसतो, बाळ. धाव निघाली तर बॉलरच्या नावावर लिही.” पायांतून चेंडू गेला, चौकार. बॉलरच्या नावावर. मला तेव्हा ते अन्यायाचं वाटलं नव्हतं. पुस्तकच तसं होतं.

बेसबॉलचं पुस्तक तसं नसतं. तिथे मैदानावरच्या प्रत्येकाला क्रमांक असतो, आणि हातात आलेला चेंडू कुणी सोडला तर त्या चौकोनात ‘ई’ हे इंग्रजी अक्षर आणि सोडणाऱ्याचा क्रमांक लिहायचा. चूक त्याची. त्या चुकीतून निघालेल्या धावा पिचरच्या खात्यात धरत नाहीत. कोचने मला सगळ्या खुणांचा छापील कागद पहिल्याच दिवशी दिला होता. मी तो लॅमिनेट केला आणि पॅडला क्लिपने लावला.

सिझन वाईट गेला. आठ सामने ठरलेले होते. पहिले पाच हरलो, आणि त्यातले तीन असे हरलो की आजोबांनी छत्री मिटून आधीच घरचा रस्ता धरला. सामन्यानंतर आम्ही तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, प्राटा (इथला पराठा) खायला जायचो, आणि तिथे मी माझी मतं मांडायचे. मला मतं पुष्कळ होती. आमची मुलं पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतात. कोच दर आठवड्याला बॅटिंगचा क्रम बदलतो, त्यामुळे कुणाला आपली जागा कळत नाही. वॉर्म-अप वीस मिनिटांचा हवा, आठ मिनिटांचा नको. हे मी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रमांक घालून टाकत असे.

“सात मुद्दे?” माझे यजमान एकदा म्हणाले. “कोचला अप्रेझल देतेयस की काय?”

“सुधारणेसाठी आहेत.”

“तेच म्हणतोय. आमचा बॉसही तेच म्हणतो.”

चौथ्या सामन्यानंतर माझ्या यादीत एक मुद्दा वर सरकत गेला. पिचर सहापैकी तिसऱ्या इनिंगनंतर दमते. हे माझं मत नव्हतं, पुस्तकातच दिसत होतं. तिच्या चेंडूंवर समोरच्या टीमला हिट (कुणाची चूक नसलेले खरे फटके) मिळत होते आणि धावा निघत होत्या. पाचव्या सामन्यानंतर कोचने विचारलं, “मॅडम, पिचिंगचे आकडे एकत्र करून द्याल?” मी रविवारी सकाळी एक्सेल उघडून बसले, इनिंगप्रमाणे तक्ता केला, तिसऱ्या इनिंगनंतरच्या ओळी पिवळ्या केल्या आणि पाठवून दिला. सुबक तक्ता होता.

पुढच्या शनिवारी ती पिचर नव्हती. कोचने आदल्या दिवशीच कळवून तिला राइट फील्डला उभं केलं. या वयोगटात तिकडे चेंडू फारसा जात नाही. ती तिथे सहा इनिंग उभी राहिली आणि दर चेंडूआधी टोपीची कड दोनदा खाली ओढत राहिली. हरलो ते हरलोच.

प्राटा खाताना तिची आई माझ्या शेजारी बसली. “ताई, काल रात्री जेवली नाही पोरगी. मी म्हटलं, अगं, कोचशी बोलू का? तर म्हणते, नको, काकूंच्या पुस्तकात तसंच लिहिलंय ना.”

“वाईट वाटून घेऊ नको म्हणावं,” मी म्हटलं. “आकडे आकडे असतात. पुढच्या वर्षी ताकद वाढेल.”

“हो, मी तेच सांगून राहिली तिला,” ती म्हणाली, आणि माझ्या ताटात अर्धा प्राटा सरकवला. “घ्या ना, मला जास्त होतो.”

तो अर्धा प्राटा मी खाल्ला.

त्या रात्री जेवताना मी घरात सहज म्हटलं, की पिचर बदलूनही आपण हरलो, म्हणजे नव्या मुलाचाही तक्ता करायला हवा. मुलगी ताटात बघत होती. ती सेकंड बेसला खेळते, क्रमांक चार.

“आई, तक्ता नको लाह.” इथल्या मुलांचं ‘लाह’ तिच्या मराठीतही येतं.

“का?”

“बिकॉज इट्स राँग. आय ड्रॉप्ड दोज. मी सोडले ते. तू सगळे हिट लिहिलेस.”

“कुठले?”

“मेनी. एव्हरीबडी नोज. टीममध्ये सगळ्यांना माहितीये.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

तिने खांदे उडवले. “यू आर द स्कोअरर, आई.”

“आणि ती? ती काही बोलली नाही?”

“ती कधीच नाही बोलत. शी जस्ट सेज, नेव्हर माइंड, नेक्स्ट बॉल.”

यजमानांनी आमटीची वाटी माझ्यापुढून बाजूला घेतली, कारण मी ताट तसंच सोडून उठले होते. मी पुस्तक आणलं. सहा सामने, प्रत्येकाची दोन पानं, टोकदार पेन्सिलीचं अक्षर, खाडाखोड नाही. ‘ई’ हे अक्षर एकदाही नाही. एवढे झेल सोडणारी टीम, आणि माझ्या पुस्तकात तिच्याकडून एकही चूक झालेली नव्हती.

ही तीन वर्षं मी हे सांगताना क्रिकेटचं नाव पुढे करत आले. चाळीस वर्षांची सवय, वडिलांनी शिकवलेलं, बॉलरच्या नावावर लिही. ऐकणारे हसतात, विशेषतः आपली माणसं. त्यांना ते लगेच पटतं. ते खोटंही नाही. पण तो लॅमिनेट केलेला कागद सहा आठवडे माझ्या पॅडला लावलेला होता, आणि दुसऱ्या सामन्यातच माझी नजर ‘ई’वर गेली होती, हे मला आठवतं. चेंडू क्रमांक चारच्या ग्लोव्हमधून निसटला होता. पेन्सिल चौकोनावर होती. मनात आलं, चेंडू जोरात होता, बारा वर्षांच्या मुलीने तो धरायलाच हवा असं काही नाही. मी हिट लिहिलं. त्यानंतर विचार करावा लागला नाही. एकीला सूट दिली तर सगळ्यांना द्यायला हवी, म्हणून मी सगळ्यांना दिली, आणि मला स्वतःचं वागणं समान वाटलं. सगळ्यांची सूट मिळून एकाच मुलीच्या नावावर जमा होत होती, ते पिवळ्या केलेल्या ओळींतही मला दिसलं नाही.

मी पुस्तक नव्याने लिहायला घेतलं. पालकांच्या फोनवरचे व्हिडिओ मागवले. “वार्षिक आठवण म्हणून” असं मी ग्रुपवर लिहिलं, ते खरं नव्हतं. रोज ऑफिसमधून आल्यावर मी आणि मुलगी दोन-तीन इनिंग बघायचो. ती बिनदिक्कत सांगायची. “धिस वन, मी. धिस वन पण मी. हा शॉर्टस्टॉप. हा खरा हिट, कुणालाच नसता मिळाला.” मी लिहीत गेले. ई-चार. ई-सहा, म्हणजे शॉर्टस्टॉप. ई-चार. तिच्या चुका तिच्याच तोंडून ऐकून लिहिताना मला जड गेलं, तिला नाही. पाच सामने संपले तेव्हा पिचरच्या नावावरच्या निम्म्याहून जास्त धावा तिच्या उरल्या नाहीत. तिसऱ्या इनिंगनंतर ती दमत नव्हती. मैदानावरचे बाकीचे दमत होते.

सातवा सामना तोवर होऊन गेला होता. मी कोचला नवा तक्ता दिला आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. “मॅडम, मी पण तिथेच उभा होतो ना,” तो म्हणाला. “डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी कागद बघितला.” शेवटच्या सामन्यात तिला पिचर करतो म्हणाला.

शेवटच्या सामन्याला ती पिचरच्या जागेवर जाऊन उभी राहिली, टोपीची कड दोनदा ओढली, आणि वीज पडण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. सगळे शेडखाली. दीड तास वाट पाहिली, इशारा उठला नाही, सामना रद्द झाला. त्या दिवसाच्या पानावर हजेरी आहे आणि खाली काहीच नाही.

तिच्या आईला मी तिथेच शेडमध्ये सांगितलं, पण अर्धवट. “नोंदीत माझी थोडी गडबड झाली होती.” ती म्हणाली, “जाऊ द्या ताई, खेळ आहे.” त्या मुलीला मात्र मी काही सांगितलं नाही. मला वाटलं, सगळं पुस्तक स्वच्छ लिहून तिच्या हातात द्यावं, मग वेगळं सांगायला नको. तेवढ्यात तिच्या आईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि जुलैत ते नागपूरला परत गेले. निघायच्या दिवशी ती वर आली आणि तिचा ग्लोव्ह आमच्या मुलीला देऊन गेली. “काकू, तिकडे कुणी खेळत नाही.”

“क्रिकेट खेळतात की,” मी म्हटलं.

“बॉलिंग नको,” ती म्हणाली, आणि हसली.

पुस्तक तेव्हा पूर्ण नव्हतं, म्हणून दिलं नाही. एक चौकोन राहिला होता. चौथा सामना, तिसरी इनिंग, तिन्ही बेसवर धावणारे उभे, आणि चेंडू क्रमांक चारकडे. दोन धावा निघाल्या. मुलगी म्हणते तिने सोडला. मला वाटतं चेंडू खड्ड्यावर उडाला. मी त्या क्षणी थर्मासमधून पिचरच्या आईला चहा ओतून देत होते, आणि आमच्याकडे असलेल्या एकमेव व्हिडिओत ऐन वेळी आजोबांची छत्री मधे येते. चेंडू टाकून त्याच्याकडे नीट पाहत असलेली एकच व्यक्ती होती. तिला विचारल्याशिवाय तो चौकोन भरता येत नाही, आणि विचारायचं तर बाकीचं सगळं आधी सांगावं लागतं.

तीन वर्षं झाली. स्वच्छ प्रत माझ्या टेबलाच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे. ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या आईचा नंबर तोच आहे, दिवाळीला आम्ही एकमेकींना फराळाचे फोटो पाठवतो. आमची मुलगी म्हणते, “जस्ट कॉल हर, आई. काय एवढं?” दर जानेवारीत मी जुन्या डायरीतून नव्या डायरीत उरलेली कामं उतरवते, आणि हे तिन्ही वेळा उतरवलं आहे: नागपूरला फोन, चौथा सामना, तिसरी इनिंग. या आठवड्याच्या यादीत ते एअरकॉन सर्व्हिसिंगच्या खाली आहे. एअरकॉनवाला काल येऊन गेला.