काही अडलं नाही

भवानी नोकरी करते, हे तंजावरच्या मेल वीदी या रस्त्यावर कुणाला खरंच वाटत नसे. वाटावं तरी कसं? सकाळी डबा नाही, बसमागे धावणं नाही. मागच्या खोलीत तांदळाच्या पिंपाशेजारी एक टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि तिथे बसून ही बाई ऑस्ट्रेलियातल्या दातांच्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटा आणि विम्याचे कागद सांभाळते, हे सांगायचं कुणाला! सासूबाई गंगाबाई शेजारणींना सांगत, "कांही तरी टायपिंग करते. घरांतच तर असते."

हे "घरांतच तर असते" भवानीच्या डोक्यात जायचं. लग्नानंतर तिला ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरी मिळत होती, तेव्हा याच गंगाबाई म्हणाल्या होत्या, "आमच्याकडली सून बसनं हिंडत नाही." बी.कॉम.चा कागद ट्रंकेत गेला. पोरगी शिकून बेंगळुरूला गेली, केस पिकायला लागले, आणि मग कुठे ही घरबसल्या नोकरी आली. तीही टोमण्यासकट.

कंपनी नऊ माणसांची. मालक प्रद्युम्न तिरुवैयारुचा, रघुराम पापनाशमचा, बाकीचे असेच गावोगावी पांगलेले. ऑफिस नाहीच. कोण खुर्चीत आहे हे बघायला साहेब नाही, त्यामुळे काम करत असल्याचं सोंगही नाही. सकाळी प्रत्येकानं लिहायचं: आज काय करणार, कुठे अडलंय, आणि मध्येच उठावं लागलं तर पुढे कोण बघणार. उठलेल्याला का उठलास म्हणून विचारायचं नाही, हा दुसरा नियम. एवढ्यावर कंपनी चालली आणि चांगली चालली. मोठाल्या ऑफिसांतून कामं सुटून यांच्याकडे यायला लागली.

यातला तो तिसरा प्रश्न भवानीनं घातलेला. तिला ठाऊकच होतं ना, हाक केव्हाही येते! "भवानी, गॅसवाला आलाय." "भवानी, माझा चष्मा." म्हणून ती प्रत्येक दवाखान्याची फाईल अशी लिहून ठेवायची की अर्ध्यातून उठलं तरी दुसऱ्यानं बसून पुढची ओळ सुरू करावी. प्रद्युम्ननं ती पद्धत सगळ्यांना लावली आणि नाव दिलं "भवानी अक्कांची रीत". ते वाचून ती दिवसभर एकटीच हसत होती, बापडी.

डिसेंबरात एक मोठं काम चालून आलं. सिडनीकडच्या एका बाईंचे पाच दवाखाने. प्रद्युम्न म्हणाला, "अक्का, या कामाच्या प्रमुख तुम्ही. हाताखाली तिघं देतों. बाईंना एकदा भेटा, बस्स. दहा तारखेला अकरा वाजता. पुढे त्या नाताळच्या सुट्टीवर जातात, तेव्हा हीच तारीख."

प्रमुख! भवानीनं सुतार बोलावून मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावून घेतली. जेवताना सगळ्यांना सांगितलं, "दहा तारखेला अकरा ते बारा मज कोणी हाक मारायची नाही. घर पेटलं तरी." नवरा साईराम बँकेत नोकरीला होता. तो म्हणाला, "अगे, एक तासाचं एवढं काय!" पण मान डोलावली. सासऱ्यांचं श्राद्ध याच सुमाराला यायचं, म्हणून तिनं मुद्दाम विचारलं. इतकी वर्षं पंचांग गंगाबाई बघत, पण मोतीबिंदूनं त्यांना आता अक्षर दिसेना. "माझ्या अप्पांचं आहे, मी बघतों," म्हणून साईरामनं ते आपल्याकडे घेतलेलं. तो म्हणाला, "जानेवारीत आहे. निश्चिंत ऐस."

निश्चिंत राहिली. चुकलं तिचं.

नऊ तारखेच्या दुपारी, घरचं श्राद्ध चालवणाऱ्या कृष्णमूर्ती आचार्यांचा फोन आला. "उद्या किती वाजतां येऊं?" भवानीला आधी कळेचना, उद्या कशाला. मग तिनं पंचांग काढून पाहिलं. सासऱ्यांचं श्राद्ध उद्याच होतं. साईरामनं तिथी पाहिली होती ती भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या तमिळ कॅलेंडरात. तिथले महिने सूर्याचे, या मराठी घराचे चंद्राचे. तिथी तीच, महिना भलताच! तंजावरात जन्म काढलेल्या माणसाला हे कळू नये? बँकेत लोकांच्या सहीतला काना बरोबर दिसतो, आणि बापाचा दिवस दिसत नाही. काय म्हणावं!

"आचारी बोलवूं," साईराम बँकेतून आल्यावर भवानी म्हणाली. "सोवळ्यात करणारा मिळेल. मी तेवढा एक तास..."

"सून असतां आचारी?" गंगाबाई म्हणाल्या. "पितर जेवायला येतात, हॉटेलांत नाही आले."

तिनं साईरामकडे पाहिलं. चूक त्याची होती. त्यानं एक शब्द बोलायचा होता, एकच. तो म्हणाला, "दुसऱ्या कोणास बसव ना. तुझं काय, घरांतच तर असतेस."

संताप संताप झाला तिचा. कढई फेकून द्यावीशी वाटली. पण हात लॅपटॉपकडे गेले आणि तिनं आपल्याच रीतीनं लिहिलं: उद्या दुपारपर्यंत नाही, पुढे रघुराम बघेल. पाचही दवाखान्यांचं सगळं सविस्तर लिहिलं. कोणत्या दवाखान्यात घोळ कुठे आहे, बाई काय विचारतील, उत्तर काय द्यायचं. इतकं चोख काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. का म्हणून कुणी विचारलं नाही. रघुरामनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भवानी सोवळ्यात वाळवलेलं लुगडं नेसून वडे तळत होती. त्या वस्त्रात कशाला शिवायचं नाही, ब्राह्मण जेवून उठेपर्यंत तोंडात पाणी नाही. मागच्या खोलीतून लॅपटॉपचा टिंग टिंग आवाज येत होता. नवी कडी बसवलेलं ते दार उघडंच होतं. आणि ओसरीवर, होमाला बसायच्या आधी, साईराम फोनवर बोलत होता. एकदा नाही, दोनदा. "बँकेचं होतं," त्यानं आचार्यांना सांगितलं. आचार्यही हो म्हणाले. बँकेच्या फोननं सोवळं मोडत नसावं.

संध्याकाळी प्रद्युम्ननं सगळ्यांना लिहिलं: "काम आपल्याला मिळालं. भवानी अक्कांच्या रीतीमुळे काही म्हणजे काही अडलं नाही!" खाली सगळ्यांच्या टाळ्या. मग त्याचा वेगळा फोन आला, आवाज एकदम मऊ.

"अक्का, रागावूं नका. बाईंना रघुराम फार पसंत पडला. प्रमुख त्यालाच करावं म्हणतों. आणि खरं सांगूं कां, तुम्हांस घरचंही बघावं लागतं."

का उठलं हे विचारायचं नाही, असा नियम ना? विचारलं नव्हतंच. नुसतं मनात धरून ठेवलं होतं. रघुराम गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी आठवडाभर गायब होता, तेव्हा कुणी त्याला घरचं बघावं लागतं असं म्हणालं नाही. भवानीच्या तोंडाशी हे आलं होतं. पण रघुराम बोलला असणार ती उत्तरं तिनंच लिहून दिलेली होती, आणि तो चांगला मुलगा होता, आणि प्रद्युम्न खोटंही बोलत नव्हता. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग पिंपावर डोकं टेकून रडली, दाराला कडी लावून. कडीचा तेवढा उपयोग झाला.

बाहेर आली तेव्हा साईराम कॉफीची वाट बघत होता.

"झाली ना ती तुझी मीटिंग? बघ, कांही अडलं नाही." मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. "पुढल्या वर्षी मी आचार्यांसच आधी विचारतों."

भवानीनं कॉफी त्याच्यासमोर ठेवली.

"कशास? केव्हांही येऊं दे," ती म्हणाली. "मी घरांतच तर असतें."

ओसरीवरून गंगाबाईंचा आवाज आला, "आतां कशी शहाण्यासारखी बोललीस."