थंड ठेवलेला संगमरवर

रंगाच्या धंद्यात किस्से ब्रशवरच्या रंगासारखे साचतात. वेळेवर धुतले नाहीत की बसलेच. म्हणून सांगून टाकते.

ब्रसेल्समध्ये लाकडावर संगमरवर रंगवायला शिकले, तेव्हा वाटलं होतं, चेन्नईत लोक थक्क होऊन विचारतील, "हे हातानं रंगवलंय?" काकांच्या वर्कशॉपमध्ये पहिलीच सूचना मिळाली : हातानं रंगवलंय, हे कुणाला सांगायचं नाही.

काका नमुन्याचे बोर्ड एसीच्या खोलीत ठेवतात. गिऱ्हाईक आधी तळहात टेकवतं. थंड लागलं की दगडच समजून मान डोलावतं. वीज गेली की काका फोन करतात, "सार, आज नको, उद्या या."

अण्णा नगरच्या एका बाईंना दोन्ही खांबांवरच्या शिरा सेम टू सेम हव्या होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, दगड इतका शिस्तीत नसतो."

"आमच्या घरी असतो."

ते खांब बघून त्यांची मैत्रीण वर्कशॉपमध्ये आली. म्हणाली, "तो इटालियन दगड मलाही मागवून द्या." मी तिला सरळ ब्रश दाखवला. संध्याकाळी काकांना दोन्ही घरांतून तक्रारीचे फोन!

काका शांतपणे म्हणाले, "खरं बोल गं, मी अडवत नाही. फक्त गिऱ्हाईक येणार असेल त्या दिवशी घरी राहा."

"उद्या त्या मंगल कार्यालयाचे मालक खांबांच्या कामासाठी येतायत ना? त्यांनाही सांगणार. काम गेलं तर मी ब्रसेल्सला परत जाते."

"ठरलं," काका म्हणाले.

मालक आले ते आईला घेऊन. आजींनी बोर्डाला हात लावलाच नाही, नुसत्या जवळ जाऊन बघत राहिल्या. हिरव्या बोर्डावरच्या एका शिरेत त्यांना सोंड दिसली. "पिल्लैयार," म्हणत त्यांनी गणपतीला लावावं तसं पर्समधलं कुंकू लावलं. मालकांनी चपला काढल्या. काकांनीही काढल्या.

मी म्हटलं, "आजी, हा दगड नाही. रंग आहे. मीच काढलाय."

काका छताकडे बघू लागले.

"मी रोज पूजेला हळदीचा पिल्लैयार वळते," आजी म्हणाल्या. "ती हळद आहे हे मला ठाऊक नसतं होय?" मग मुलाकडे वळल्या, "काम हिलाच दे. खांबांवर मात्र सोंड नको. लोक पाठ टेकतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसी बंद केला आणि सगळे बोर्ड बाहेर व्हरांड्यात मांडले.

"गरम लागतील," काका म्हणाले.

"लागू देत."

काकांनी कुंकवाचा बोर्ड तेवढा उचलला, आत नेला आणि एसी लावला.