भित्री लेसिएली

हाआपाईच्या बेटावर जन्मून समुद्राला भ्यायचं, म्हणजे सुताराच्या पोरीने लाकडाला भ्यायचं. पण लेसिएली भ्यायची. ती सात वर्षांची असताना तिचा बाप सकाळी मासे धरायला गेला आणि संध्याकाळी त्याचं नुसतं वल्हं किनाऱ्याला लागलं. तेव्हापासून बायका चटया विणायला किनाऱ्यावर बसल्या की ही पाण्याकडे तोंड करून बसे. "पाठ फिरवली की तो डाव साधतो," म्हणे.

लग्न मात्र झालं माकाशी. माकाचा अर्धा जन्म होडीत गेलेला. सासू कालो म्हणजे बेटावरची सगळ्यात तिखट जीभ. पहिल्याच आठवड्यात ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पोराला बायको आणायला पाठवलं, तर ससा घेऊन आला."

लेसिएली अठ्ठावीस वर्षांची असताना शेजारच्या बेटावर नात्यातलं लग्न निघालं. होडीत माका, कालो, लेसिएली आणि पाच वर्षांची सेइनी. सोबत आहेराच्या चटया, कोनफळं आणि बावीस शहाळी. निम्मी वाट सरली आणि वाऱ्याने अचानक दिशा बदलली. डोलकाठी कडकन मोडली ती माकाच्या खांद्यावर.

"सुकाणू धर," तो कण्हत म्हणाला.

"मला नाही येत."

"मग मी काय पायाने धरू?" एवढं बोलून त्याची शुद्ध हरपली.

तिने सुकाणू धरलं. वारा पश्चिमेकडे ढकलत होता, संध्याकाळपर्यंत बेट दिसेनासं झालं. 

तिसऱ्या दिवशी मागे शार्क लागला. होडीच्या निम्म्या लांबीचा. घाई नाही, गडबड नाही, सावलीसारखा मागोमाग. सेइनीने विचारलं, "आजी, हा पण लग्नाला येतोय?"

"हो ना," कालो म्हणाली. "आहेर आणायला विसरलाय मेला, म्हणून लाजून मागे राहतोय."

पोर हसली. लेसिएलीचे दात वाजत होते.

शहाळी दिवसाला दोन, सगळ्यांत मिळून. सहाव्या दिवशी दुपारी लेसिएलीच्या लक्षात आलं, कालो शहाळं तोंडाला लावते, पण तिचा गळा हलत नाही. ओठ पुसून ती ते गुपचूप नातीकडे सरकवते.

"आई, तुम्ही पीत नाही आहात!"

"ओरडू नकोस. पोरगी ऐकेल."

"असं नका करू हो. मी एकटी पडेन. मला भीती वाटते."

"मग मला काय गुदगुल्या होतायत?" कालोचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "माझा नवरा कशाला भीत नसे. तुझा बापही. दोघांना या समुद्राने गिळलं. तू भितेस, म्हणून सहा दिवस तुझी नजर पाण्यावरून हललेली नाही. तशीच भीत राहा, बाई. थांबू नकोस."

सातव्या दिवशी सकाळी कालो उठली नाही.

माका तापात होता. तो डोळे मिटूनच म्हणाला, "पाण्यात सोड तिला. दुसरं काय करणार?"

लेसिएलीने मागे पाहिलं. शार्क आता वल्ह्याच्या अंतरावर आला होता.

"याला नाही देणार," ती म्हणाली.

आहेराच्या चटयांत तिने सासूला गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि पायाशी ठेवलं. उन्हाने दुसऱ्या दिवशी वास सुटला. सेइनी विचारत राहिली, "आजी कधी उठणार?" आणि लेसिएली म्हणत राहिली, "दमलीय ती." होडीच्या बुडाला मधूनच काहीतरी घासून जाई. दर वेळी तिला वाटे, संपलं.

नवव्या दिवशी जमीन दिसली, आणि तीच सगळ्यात भयंकर ठरली. बेटाभोवती प्रवाळाची रांग होती. लाटा तिच्यावर फुटत होत्या तो आवाज छातीत ऐकू येत होता. माका म्हणाला, "खिंड असते कुठेतरी. मला दिसत नाहीये. तू बघ." ती बघत राहिली. लहानपणापासून तिने दुसरं केलं तरी काय होतं! एका जागी लाट उशिरा फुटत होती, पाणी गडद होतं. तिने मोठ्याने रडत होडी तिथे घातली.

होडीचा तोल धरणारी बाजूची उलांडी तुटली, होडी कलंडली, पण रांगेच्या आत. छातीभर पाण्यात तिच्या एका मुठीत सेइनीचे केस होते, दुसऱ्या मुठीत चटयांची दोरी. बेट फिजीच्या बाजूचं, लाऊचं निघालं. धावत आलेल्या लोकांनी आधी माकाला बाहेर काढलं, मग या दोघींना. दोरी सोडवायला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली. कालोला त्यांनी आपल्या माणसासारखं पुरलं.

तीन महिन्यांनी मालवाहू जहाजाने तिघं घरी परतली. बेटाने त्यांचं सुतक केव्हाच उरकलं होतं. धक्क्यावर नणंद त्यांना पाहून किंचाळत पळाली, ती थेट चर्चमध्ये जाऊन लपली.

माकाचा हात कायमचा अधू झाला. पुढे दर तीन-चार वर्षांनी लेसिएली स्वतः सुकाणू धरून लाऊला जाई. निघायच्या आधी दोन दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नसे. माका वैतागे, "एवढी फाटते, तर जातेस कशाला?"

"त्या तिथे परक्यांत एकट्या आहेत," ती म्हणे. अशी ती अकरा वेळा गेली.

समुद्रातला ज्वालामुखी डोंगर फुटला, तेव्हा ती एक्याऐंशीची होती. कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि किनाऱ्यावरचं पाणी सरसर मागे गेलं. पोरं उघड्या पडलेल्या खडकांवरचे मासे वेचायला धावली. लेसिएली काठी उगारून ओरडत सुटली, "टेकडीवर पळा! सगळे पळा!"

"ओहोटी आहे गं आजी," पाद्रीबाबा हसले. "तुला काय, पाऊस पडला तरी भीती."

तिने पाद्रीबाबांच्या पोटऱ्यांवर काठी हाणली. बेटावर असं कुणी कधी केलं नव्हतं. ते दचकून पळाले, त्यांच्या मागे सगळे. सेइनीने, तिची स्वतःचीच साठी जवळ आलेली, आईला पाठीवर घेतलं.

लाट आली तेव्हा बेटावरची सदतीसच्या सदतीस माणसं टेकडीवर होती. खाली एक घर उरलं नाही. आकाशातून राख पडत होती, आणि लेसिएली सेइनीच्या कुशीत लटलट कापत विचारत होती, "मोजलीत का सगळी? पुन्हा मोजा."

दोन वर्षांनी साध्या तापाने ती गेली.  त्या सदतिसातली ती स्वतः सोडून उरली छत्तीस. पैकी पस्तीस जण मातीला आले. जी आली नाही, ती आदल्या दिवशीच बाळंत झाली होती.