सहा ते सातची वेळ

सकाळी चहा टाकण्याआधी ती फुटबॉल मांडीवर घेई आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघे. हवा कमी वाटली तर पंप मारी, मगच गॅस पेटे.

"वन्सं, लग्न केलं असतं तुम्ही, तर एवढे लाड नवऱ्याचे झाले असते," भावजय म्हणे.

"त्याला लाथ मारता आली नसती ना."

तिचं कपडे शिवायचं दुकान होतं. सेहेचाळिसाव्या वर्षीही ती बायकांच्या संघाची गोलकीपर होती, आणि सगळ्या तिला भिंत म्हणत. मापांच्या वहीत अकराही जणींची पानं होती. कंबर तीस, बाही सोळा, आणि त्याखाली बारीक अक्षरात: डावा पाय आळशी. भावजयीच्या पानावर होतं, पायांपेक्षा तोंड जास्त चालतं.

मैदानावर सकाळी सहा ते सात ही वेळ बायकांना मिळावी म्हणून तिनं आठ वर्षं अर्जांवर अर्ज केले होते. वेळ मिळाली, आणि दुसऱ्याच वर्षी साथ आली. फाटकावर हुकूम लागला: सांघिक खेळ आणि सराव बंद, एकट्यानं व्यायाम चालेल. त्याच संध्याकाळी पुरुषांच्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. आवाजात साखर पेरलेली.

"ताई, नियम आठवतोय ना? वर्षातून एकदा तरी मैदानाच्या वहीत सलग नव्वद दिवस संघाची नोंद लागते, नाहीतर वेळ रद्द. आमचा अर्ज तयार आहे हो."

फोन ठेवून ती बराच वेळ कात्रीशी चाळा करत बसली. भावजयीला वाटलं, आता रडणार. पण तिनं मापांची वही ओढली आणि अकरा जणींचे दिवस लावले, एका दिवशी एक.

पहिल्या दिवशी ती स्वतःच गेली. रखवालदारानं फाटकातच अडवलं.

"ताई, संघाला बंदी आहे. वाचलं नाही का?"

"वाचलं. एकटीला चालतं, तेही वाचलं."

"मग पळा की. पण वहीत संघाचं नाव नाही लिहिणार. एकटी बाई म्हणजे काय संघ?"

"अकरा आलो तर हाकलणार, एक आली तर मोजणार नाही. काका, आम्ही यायचं तरी किती जणींनी?"

रखवालदारानं मान खाजवली. "वरून विचारलं तर?"

"म्हणा, बाई ऐकेना. खोटं बोलावं लागणार नाही."

त्यानं लिहिलं. हजर: एक.

मग रोज एक जण येई, पळे, चेंडू साबणानं धुऊन फाटकापाशी ठेवून जाई. सोबत मापाच्या चिठ्ठीवर तिचं फर्मान असे: उद्या डाव्या पायानं चाळीस. धुऊन धुऊन चेंडूची शिवण सैल झाली, ती तिनं मेणाच्या दोऱ्यानं घट्ट केली. तिच्या वाट्याला मात्र समोरून मारणारं कोणी नसे. मैदानाकडेच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू फेकायचा आणि परत येईल तो अडवायचा.

एकदा सेक्रेटरी जाळीबाहेरून बघत उभे राहिले. "ताई, ह्याला का सराव म्हणायचं?"

"नाही म्हणालात तरी चालेल," ती चेंडू छातीशी धरून म्हणाली. "दिवस मात्र नीट मोजा. आज छप्पन."

नव्वदावा दिवस भावजयीचा होता. पाऊण तास पळून तिनं सही केली आणि रखवालदाराला विचारलं, "झाले ना?" तो म्हणाला, "झाले. पण आता मला सवय झालीय, उद्या कोण?"

बंदी उठली ती पुढं दोन महिन्यांनी. त्या सकाळी वहीत अकरा सह्या झाल्या. सेक्रेटरींचा अर्ज त्यांच्याच खिशात राहिला.

त्यानंतर चार वर्षं ती गोलात उभी राहिली. एका सोमवारी दुपारी शिलाई मशीनवरच तिनं मान टाकली. त्या सकाळी सराव संपवून दोघी दुकानापर्यंत बरोबर आल्या होत्या. शटर अर्धं वर ढकलून तिनं चेंडू भावजयीच्या हातात दिला.

"घरी घेऊन जा. आणि वहिनी, रस्त्यानं लाथा मारत नेऊ नकोस, शिवण उसवते."