हरभऱ्याएवढा नट

हसणार नसाल तर सांगतो, असं म्हणणार होतो. पण तुम्ही हसणारच, हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान हातातला चहा आधी संपवा. मागे हीच गोष्ट सांगताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता आणि बायकोनं त्याचाही दोष मला दिला होता.

मी लोणावळ्याच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. साठ साल नुकतंच उलटलेलं. एक आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा माणूस आहे. पालीला भितो, हेडमास्तरांना भितो, पोस्टमननं माझ्या नावानं हाक मारली तरी घरात कुणाचं काय झालं म्हणून आधी देवाला हात जोडतो. आणि अशा माणसाचा छंद कोणता? तर मोटारींची मॉडेलं करायची! खऱ्या गाडीची मापं घ्यायची, सगळं विसाव्या हिश्शाला आणायचं आणि हुबेहूब तीच गाडी टेबलावर उभी करायची. खरी गाडी मी जन्मात चालवली नाही. छातीच होत नाही. छोट्या गाडीला मात्र कसली आलीय भीती?

विलायतेत म्हणे या कामाच्या तयार पेट्या मिळतात. मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात काचेआड मी एक पाहिली होती. सगळे भाग साच्यातून काढलेले, चाकं, दिवे, स्टीअरिंगसकट. मी काचेला नाक लावून इतका वेळ उभा राहिलो की शेवटी आतल्या माणसानं बाहेर येऊन काच पुसली.

आमच्याकडे पेटी म्हणजे चिक्कीचा डबा. त्याचा पत्रा कापून गाडीची बॉडी करायची. औषधाच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची चाकं. दवाखान्यातल्या टाकाऊ एक्स-रे फिल्मा धुऊन त्यांच्या काचा. माझ्याच सायकलचा पुढचा ब्रेक सोडवून त्याच्या सळया आदल्या वर्षी लाल बसच्या मॉडेलला वापरल्या होत्या. बायकोच्या ब्लाउजची टिचबटणं कुठं कुठं गेली ते तिला अजून पुरतं कळलेलं नाही. रस्त्यात काही बारीकसारीक दिसलं की उचलायचं आणि खिशात टाकायचं, ही माझी सवय. बायको म्हणायची, "अहो, धुवायला सदरा घेताना तुमच्या खिशात हात घालायची भीती वाटते मला."

तिचं मी ऐकायला हवं होतं.

त्या वर्षी मी खंडाळ्याच्या एका बंगल्यातल्या गाडीमागे लागलो होतो. बंगला एका रिटायर्ड इंजिनियरसाहेबांचा. साहेब बहुतेक मुंबईलाच असायचे, गाडी खंडाळ्याला. काळी, लांब नाकाची, इंग्लिश बनावटीची, जुनी. दर रविवारी मी लोणावळ्याहून सायकल हाणत जायचो. ड्रायव्हर गेनूभाऊ, कुसगावचे, मला गॅरेज उघडून द्यायचे. मी सायकल आत भिंतीला टेकवायचो आणि वही, फूटपट्टी घेऊन गाडीभोवती फिरायचो. गाडीखाली आडवा पडून ब्रेकच्या सळयासुद्धा मी काढून घेतल्या होत्या. वहीत हो, कागदावर!

गेनूभाऊ बिडी ओढत बघत बसायचे. "मास्तर," एकदा म्हणाले, "पोरीला बगायला आल्यालं पाव्हनं सुदिक येवढं बगत न्हाईत."

सगळं जमत आलं होतं, फक्त पुढचे दोन दिवे अडले होते. टिचबटण लावून पाहिलं, गाडी बावळट दिसायला लागली. आणि त्या रविवारी निघता निघता गॅरेजच्या जमिनीवर, गाडीच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, मला एक नट दिसला. पितळी, गोल, हरभऱ्याएवढा, कडेला बारीक दाते असलेला. अहो, दिवाच तो! मी इकडंतिकडं पाहिलं. गेनूभाऊंची पाठ होती. उचलला आणि खिशात टाकला.

आठवडाभर तो नट मी मॉडेलवर ठेवून बघत होतो. गाडीला डोळा फुटल्यासारखं वाटायचं. पण एका डोळ्याची गाडी कशी चालेल? जोडीला तसाच दुसरा हवा. म्हणून पुढच्या रविवारी सकाळी मी तो घेऊन बाजारातल्या शंकर मिस्त्रीकडे गेलो. शंकर मिस्त्री म्हणजे स्टोव्हपासून लॉरीपर्यंत काहीही दुरुस्त करणारा माणूस. तेव्हा तो एका लॉरीच्या तोंडात कमरेपर्यंत शिरला होता.

"मिस्त्री, असा आणखी एक नट मिळेल का?"

त्यानं तेलकट हात बाहेर काढला, नट चिमटीत धरून उजेडात फिरवला. "ब्रेकच्या सळईचा हाय. कुटं घावला?"

"रस्त्यात," मी म्हणालो. आता उचललाय हे कसं सांगणार?

"मंग ज्याचा आसंल त्याचं काय खरं न्हाई." नट माझ्या हातावर ठेवून तो पुन्हा लॉरीच्या तोंडात गेला. आतूनच बोलला, "सळई आज टिकंल, उद्या टिकंल. पर घाटात दाब पडला की सटाककन सुटनार. मंग देवाचं नाव घ्यायचं."

मी नट जपून खिशात ठेवला.

ब्रेकच्या सळया. गाडीखाली झोपून मी स्वतः काढलेल्या. त्यातल्या एका सळईचा नट गळून पडला होता आणि तो उचलून, गेनूभाऊंना न सांगता, मी दिवा म्हणून आठवडाभर त्याचं कौतुक करत बसलो होतो. तरी स्वतःला समजावलं, साहेब नसताना गाडी गॅरेजातच असते. आज गेलं, नट परत दिला, हात जोडले की झालं. शरमेनं मेलो तरी चालेल, पण कुणी मरणार नाही.

सायकलवर टांग टाकली आणि खंडाळा गाठला. गॅरेज उघडं आणि रिकामं.

स्वयंपाकाच्या सखूमावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. "मावशी, गाडी कुठंय?"

"सायेब आल्यात न्हवं काल. आत्ताच समदी खोपवलीला गेली. सूनबाई, दोन नातवंडं. गेनूभाऊ हायेत संगं."

खोपोलीला. म्हणजे घाटातून. तुम्ही तो घाट पाहिलाय ना? एका बाजूला डोंगर, एका बाजूला काहीच नाही. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मावशी, गाडीला ब्रेक नाहीये!"

तांदळाचं सूप ओट्यावरून खाली गेलं. "आगं आये!" मावशी ओरडल्या आणि पदर खोचून पलीकडच्या बंगल्याकडे धावल्या, टेलिफोन होता तिथं. मी थांबायला हवं होतं. नीट काही सांगायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती दोन नातवंडं मागच्या काचेला नाक लावून बसलेली दिसत होती, आणि मी, जन्माचा भित्रा, सायकल वळवून घाटाला लागलो.

सांगतो तुम्हाला, असा मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. खालून लॉऱ्या कण्हत चढत होत्या, त्यांच्या नाकातून वाफ येत होती. प्रत्येक वळणावर मी आधी दरीत बघत होतो, काळं काही दिसतंय का. नाही दिसलं की बरं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, पुढच्या वळणावर दिसेल. पहिली दोन वळणं ब्रेक दाबत, कुरकुरत उतरलो. मनात एकच आशा होती, शिंगरोबाचं देऊळ. घाटात मध्यावर आहे, आणि तिथं हात जोडल्याशिवाय ड्रायव्हर माणूस पुढं जात नाही. गेनूभाऊ तर नाहीच नाही. गाडी तिथं थांबलेली दिसली तर ब्रेक शाबूत. नाही दिसली तर... तर मी कुणाकुणाला तोंड दाखवणार होतो?

"शिंगरोबा, गाडी थांबव," मी मोठ्यानं म्हणत होतो. "एवढी एक गाडी थांबव बाबा. पुन्हा खाली पडलेली टाचणीसुद्धा उचलणार नाही."

वळण संपलं आणि देऊळ दिसलं. देवळापुढे काळी गाडी. उभी! साहेब झाडाखाली, सूनबाई मुलांना पाणी पाजतायत, गेनूभाऊ टोपी काढून देवापुढे. सगळे धडधाकट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शिंगरोबानं ऐकलं होतं. आता मीही थांबावं म्हणून मी ब्रेक दाबला.

सटाक.

मुठीखालचा ब्रेक कसलाही विरोध न करता वर आला आणि तसाच राहिला. खाली कुठंतरी सळई लोंबकळायला लागली. सायकल काही थांबेना.

आता ते दृश्य तुम्ही डोळ्यांपुढे आणा. ज्यांना थांबवायला निघालो होतो ती सगळी मंडळी शांतपणे उभी, आणि त्यांच्यासमोरून मी, धोतराचा सोगा उडतोय, दोन्ही पाय फाकवलेले, "थांबा! थांबा! ब्रेक नाहीये!" असं त्यांनाच ओरडत, सुसाट खाली चाललोय. साहेबांनी सवयीनं हात वर करून नमस्कारसुद्धा केला.

चपला रस्त्याला घासल्या, एक निघून गेली. पुढं वळण, वळणापलीकडं आभाळ. मी डोळे मिटले. नशीब माझं, वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला होता. सायकल त्यात रुतली आणि मी ढिगाच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसलो. डोळे उघडले तर हात-पाय जागच्या जागी होते. दरी चार पावलांवर होती. मी रांगत तिच्यापासून लांब गेलो.

तेवढ्यात काळी गाडी खाली आली आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर अलगद उभी राहिली. ब्रेक उत्तम होते.

"मास्तर, आवो काय झालं? लागलं का लय?" गेनूभाऊ धावत आले.

मी खिशातून नट काढला आणि हात पुढे केला. "गेनूभाऊ, मला माफ करा. साहेब, मला पोलिसांत द्या. तुमच्या गाडीच्या ब्रेकचा नट मी चोरला. मॉडेलला दिवा करायला. मुलं गाडीत आहेत कळलं आणि..." रडू फुटलं. लपवत नाही, फुटलं.

साहेबांनी चष्मा लावून नट पाहिला. गेनूभाऊंनी पाहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गेनूभाऊ गुडघ्यावर बसले, मुरमातून माझी सायकल ओढून काढली, लोंबकळणारी सळई जागेवर बसवली आणि तो नट तिच्या टोकावर बोटानं फिरवला. फिरत फिरत घट्ट बसला. गेनूभाऊंनी ब्रेक दाबून पाहिला, लागला.

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मास्तर," साहेब म्हणाले, "तुम्ही माझ्या गाडीची इतकी मापं घेतलीत. एवढ्याशा नटावर ती थांबेल, असं वाटलं तरी कसं तुम्हाला?"

वर्षानुवर्षं सगळं विसाव्या हिश्शात बघून माझी नजरच तेवढी झाली होती. हरभऱ्याएवढा नट मला अगदी मोटारीच्या मापाचा वाटला होता. आणि शंकर मिस्त्रीला, कुठल्या गाडीचा म्हणून विचारायची मला हिंमतच झाली नव्हती.

इथं संपलं असतं तरी बरं होतं. पण वरून एक लॉरी भरून माणसं आली. पुढं हवालदार, मागं दोरखंड घेतलेले चार गडी, मलमपट्टीची पेटी घेऊन एक कंपाउंडर, आणि सगळ्यात वर गळा काढून रडणाऱ्या सखूमावशी. मुलं दिसताच मावशींनी त्यांना कवटाळलं आणि आणखी मोठ्यानं रडायला लागल्या.

हवालदारानं वही काढली. "बिगरब्रेकाची गाडी कंची?"

सगळ्यांनी माझ्या सायकलीकडे पाहिलं.

"गाडीत मानसं किती होती?"

"एक," मी म्हणालो.

"आन तुमी वाचवाय कुनाला निघालावता?"

मी साहेबांच्या कुटुंबाकडे बोट दाखवलं. हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्या एका पायातल्या चपलेकडे पाहिलं आणि काही न लिहिता वही मिटली.

पुढच्या रविवारी मी खंडाळ्याला गेलो नाही. तर गेनूभाऊच लोणावळ्याला आले, कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडलं तर लोखंडी नट. चांगला लिंबाएवढा.

"सायबांनी धाडलाय. आमच्या गाडीचा जुना नट हाय, ब्रेकचा," गेनूभाऊ म्हणाले. "मास्तर, पुन्यांदा भ्यायचं झालं तर ह्याला भ्या."

तो नट अजून माझ्या टेबलावर आहे. शेजारी ती छोटी काळी गाडी, बिनदिव्यांची. टेबल अगदी सपाट आहे, पाणसळ लावून मी स्वतः पाहिलंय. तरीही रोज झोपण्याआधी मी तिच्या पुढच्या चाकाखाली आगपेटीची एक काडी लावून ठेवतो.