चंद्रशेखरचा डावखुरा

चंद्रशेखरने मला चार वर्षांत अकरा वेळा काढून टाकलं. तोंडावर नाही हं! तोंडावर, 'विनयदादा, चहा ओतू का?' आणि सोमवारी सकाळी सगळ्या ग्रुपला मेल. विषय: कोच बदला. साठ माणसांना जायचा तो मेल. त्यात मीही असायचो, कारण मला न कळवता मला काढणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या युनिव्हर्सिटीतल्या आपल्या पोरांची क्रिकेट टीम होती, तिचा मी कोच. कोच कसला डोंबलाचा! आठवडाभर गाड्यांच्या कंपनीत नोकरी करायची आणि शनिवारी फुटबॉलच्या मैदानाच्या कोपऱ्यात मॅट अंथरायची. टीममध्ये सहा मराठी, बाकी लाहोर, चेन्नई, कोलंबो. दोन हजार सहापर्यंत आम्ही ग्योटिंगेनकडून हरलो, हानोफरकडून हरलो, आणि एकदा पावसाने लाज राखली.

चंद्रशेखर पीएचडी करत होता. ब्रेक दाबल्यावर गाडी किंचाळते ना, त्या किंचाळण्यावर. सहावं वर्ष चालू होतं. स्वतः खेळत नसे. एकदाच फिल्डिंगला उभा केला, तर गड्याने कॅच चष्म्यावर घेतला. पण मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. बॅटिंग ऑर्डरवर, मॅटच्या खिळ्यांवर, माझ्या टोपीवरसुद्धा. घडीची खुर्ची, थर्मास आणि वही घेऊन तो बाउंड्रीवर बसायचा. 'विनयदादा स्वभावाने चांगले आहेत आणि टीमचं मूळ दुखणं हेच आहे,' असं त्याने एकदा लिहिलं होतं. माझी बायको सुमेधा हे वाक्य भांडणात अजून वापरते.

त्याचा खरा सीझन जूनमध्ये सुरू व्हायचा. ऑक्टोबरला येणारी नवी मुलं ग्रुपवर विचारायला लागायची: स्वेटर किती आणू, कुकर आणू का. चंद्रशेखर तत्परतेने उत्तर द्यायचा आणि हळूच विचारायचा, 'कॉलेजमध्ये काय खेळायचास?' सगळ्यांची एक्सेल शीट. पुण्याहून त्याची बहीण अरुंधती कॉलेजच्या मॅचेसची कात्रणं स्कॅन करून पाठवायची. पासपोर्ट फोटो बघूनही हा शेरे मारायचा. एकाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'खांदे रुंद, स्लिपला चालेल.' तो निघाला पेटीवादक.

आणि दोन हजार सहाच्या शीटमध्ये सापडला ओजस. डावखुरा फास्ट बोलर, कॉलेजच्या फायनलला सहा विकेट. ॲडमिशन दोन ठिकाणी, आमच्याकडे आणि डार्मस्टाटला. "दादा, त्यांच्याकडे ऑलरेडी तीन फास्ट बोलर आहेत हो! चौथा काय लोणचं घालायला?" चंद्रशेखर कळवळून म्हणाला. त्याने ओजसला ब्राउनश्वाइगचं असं वर्णन पाठवलं की मलाच तिथे राहायला जावंसं वाटलं, आणि मी तिथेच राहत होतो. थंडी म्हणे फारशी नसते! ओजसचा प्रश्न मात्र एकच. 'दादा, रूम मिळेल का?'

पोरगा बरोबर जागी बोट ठेवत होता. ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे एक वेळ प्रोफेसर मिळेल, रूम मिळायची नाही. वसतिगृहाची वेटिंग लिस्ट दोन सेमिस्टरची. पत्ता नाही तर आनमेल्डुंग, म्हणजे ऑफिसात जाऊन पत्त्याची नोंद, होत नाही. ती नाही तर बँकेत खातं नाही आणि व्हिसा वाढत नाही. आदल्या वर्षी एक मुलगा महिनाभर कोणाकोणाच्या फरशीवर झोपून शेवटी भारतात परत गेला होता.

मग चंद्रशेखरने काय करावं? स्वतःची रूम दिली! घरमालकिणीपुढे ओजसची कागदपत्रं ठेवली, हा माझ्यानंतरचा भाडेकरू म्हणून सांगितलं, आणि सरळ करारच त्याच्या नावावर करून दिला. आणि एका रविवारी दोन बॅगा, कुकर आणि ती घडीची खुर्ची घेऊन आमच्या दारात उभा. "मार्चपर्यंतच, दादा. टीमसाठी."

"राहू दे की," सुमेधा मला आत म्हणाली, "पण तुला काढायचे मेल तो आपल्याच कॉम्प्युटरवरून पाठवणार का?"

पाठवला ना! आमच्या पोळ्या खाऊन, आमच्या सोफ्यावर झोपून माझ्या हकालपट्टीचा बारावा मेल लिहिला. वर मला म्हणतो, "तुमचं इंटरनेट जरा स्लो आहे हो."

ओजस आला तेव्हा अख्खी टीम स्टेशनवर. पोराने उजव्या हाताने दोन्ही बॅगा आळीपाळीने उतरवल्या. चंद्रशेखरने वहीत नोंद केली: 'डावा हात जपतो. प्रोफेशनल.'

दोन शनिवार ओजस मैदानावर फिरकला नाही. एकदा आनमेल्डुंग, एकदा ताप. तिसऱ्या शनिवारी आला, कारण चंद्रशेखर स्वतः त्याला ट्राममध्ये बसवून घेऊन आला. पोरं गोल करून उभी राहिली. ओजसने छान लयीत रनअप घेतला, हात फिरवला, आणि चेंडू अर्ध्या मॅटवर पडून घरंगळत थांबला. तो खांदा धरून मटकन खाली बसला. मग त्यानेच सांगितलं, मे महिन्यात ऑपरेशन झालं होतं. आत दोन स्क्रू होते. डॉक्टरांनी बोलिंग कायमची बंद सांगितली होती.

चंद्रशेखर खुर्चीतून उठला. त्याचा राग मी आजवर फक्त वाचला होता. आज ऐकला. "का नाही सांगितलंस?"

ओजसने मान वर केली. "सांगितलं असतं, तर रूम दिली असतीत?"

मॅटच्या खिळ्यांवर मत असलेल्या माणसाने वही मिटली. उत्तर 'नाही' होतं. ते त्याला कळलं, आम्हा सगळ्यांना कळलं. मला त्या पोराचा संतापही आला होता आणि आत कुठेतरी तुटतही होतं. "मी सोडतो रूम," ओजस म्हणाला. "या आठवड्यात." चंद्रशेखरने खुर्चीची घडी घातली. ती एरवी चटकन मिटणारी खुर्ची त्याला दोनदा मिटावी लागली.

सोमवारी मेल नाही. मंगळवारी नाही. मी ऑफिसात दर तासाला इनबॉक्स उघडत होतो, सांगायलाही लाज वाटते. घरी चंद्रशेखर खाली मान घालून जेवायचा आणि भाजीवरसुद्धा मत द्यायचा नाही. "अरे, त्याला विचार तरी," सुमेधा म्हणाली, "तुला काढतोय की नाही." तिकडे ओजसने बॅगा भरल्या होत्या. परत जायचं तिकीट कुठून मिळेल, असं त्याने मलाच फोनवर विचारलं. मी काय सांगणार, कप्पाळ!

गुरुवारी मेल आला. विषय: कोच बदला. मी हातातलं काम टाकून वाचायला लागलो.

'मुलाचा खांदा निकामी आहे हे विनयदादांना तीन आठवडे दिसलं नाही. ही अक्षम्य चूक आहे. मला दिसलं होतं, पण मी ते चुकीचं लिहून ठेवलं. नवा कोच ओजस. तोंड आणि एक हात शाबूत असला की शिकवता येतं. त्याने बॅगा उघडाव्यात.'

साठ जणांत पहिलं 'मान्य' माझं गेलं.

ओजसने हिवाळाभर जिमच्या हॉलमध्ये पोरांचा घाम काढला. माझ्या चार वर्षांत कोणी इतकं पळालं नव्हतं. मार्चमध्ये चंद्रशेखरला दुसरी रूम मिळाली, आणि मे महिन्यात आम्ही ग्योटिंगेनला चार रनांनी हरवलं. चंद्रशेखर चष्मा काढून हमसून हमसून रडला आणि त्याच ओल्या तोंडाने मला म्हणाला, "बघा, कोच बदलल्याचा परिणाम." मी त्याला मिठी मारली. दुसरं काय करणार?

पुढच्या शनिवारी हानोफरने आम्हाला बदडून काढलं.

सोमवारी सकाळी मेल. विषय: कोच बदला. ओजसच्या चुका, क्रमवार, आठ. भाषा जहाल. आणि अगदी तळाशी एक ओळ:

'ता. क. रूमचा याच्याशी काहीही संबंध नाही.'