यल्लाप्पा वस्तादांची अर्धी बैठक

सांगलीच्या हळदपेठेमागच्या तालमीत एक नेम होता. नागपंचमीला कुस्तीच्या हौद्यातली माती नव्याने घडवायची. तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबाचा रस जिरवायचा. मग वस्तादाने एकट्याने हौद्यात उतरून मातीला कपाळ टेकवायचे आणि कुणाचाही हात न घेता उठायचे. ज्याला उठता येणार नाही, त्याने आपला फेटा पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवून मोकळे व्हायचे.

यल्लाप्पा वस्ताद अठरा वर्षे असे उठत आले होते. चौऱ्याहत्तर सालच्या पंचमीला मात्र त्यांचा उजवा गुडघा मध्येच अडकला. हलगीवाल्याचे हात थबकले. वस्तादांचा सगळ्यात तयार पठ्ठा ज्योतिबा, त्याने हात अर्धा पुढे केला. वस्तादांनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखे केले. दात आवळून उठले खरे, पण घरी येईपर्यंत त्यांना कळून चुकले होते की पुढच्या पंचमीला फेटा जाणार.

डॉक्टरांनी संधिवात सांगितला, बैठका बंद करायला सांगितल्या. वस्तादांनी ते ऐकले आणि दुसऱ्या दिवसापासून दोनशेच्या तीनशे बैठका केल्या. "गुडघा गंजलाय," ते बायकोला म्हणाले. "घासला की निघंल."

दसऱ्याला गुडघा नारळाएवढा झाला. मग वस्ताद रुसल्यासारखे खाटेवर बसले ते संक्रांतीपर्यंत. सूज उतरली, पण मांडी एवढी सुकली की धोतर ढिले पडू लागले.

वस्तादांच्या बायकोला, बनाबाईंना, हे बघवेना. संक्रांतीलाच त्यांनी पिशवी भरून समोर ठेवली. "आवं, साताऱ्याला जावा. माझा दादा मिलिटरीच्या दवाखान्यात मोडक्या जवानांना चालवायचा. तुमी काय त्यांच्यापेक्षा जास्त मोडलाय?"

बनाबाईंचे हे दादा, मानसिंगराव हवालदार, निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होते. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र परेडचा. त्यांनी मेहुण्याचा गुडघा दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवून पाहिला, आखडलेले मनगटही फिरवून पाहिले आणि म्हणाले, "दाजी, आधी लय केलंत. मग कायच केलं न्हाई. दोन्हीकडनं मार दिलाय तुमी याला."

"मग आता काय करू?"

"बैठका."

वस्ताद उठून बसले.

हवालदारांनी घरातले आणि शेजारचे मिळून सात पाट आणले. भिंतीला टेकवून एकावर एक रचले. "यावर बसा. हात छातीवर. आता उठा. पुन्हा बसा."

वस्ताद उठले, बसले. गुडघा जेमतेम वाकत होता. "ही कसली बैठक? ही तर लग्नातली बसाउठी झाली!"

"कळ येती का?"

"न्हाई."

"मग हीच तुमची बैठक. मोजा."

इथेच गाडी अडली. तालमीत अर्धी बैठक मोजायची नाही, हा दंडक खुद्द वस्तादांचा. किती जणांना त्यांनी "शून्य! पहिल्यापासनं!" म्हणून परत खाली बसवले होते. आता स्वतःच्या तोंडून 'एक' निघेना. हवालदार कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी वस्ताद भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "एक."

"ऐकू आलं न्हाई!"

"एक!" वस्ताद ओरडले, आणि आत स्वयंपाकघरात कुणीतरी हसले.

हवालदारांचे नियम थोडे होते. पहाटे अंग आखडलेले असते, तेव्हा काही करायचे नाही; ऊन वर आल्यावर, गरम पाण्याने सांधे शेकून मगच. कळ आली की तिथेच थांबायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा जास्त आखडला, तर काल जास्त झाले समजायचे. सांधा शांत राहिला, तर दोन आठवड्यांनी एक पाट काढायचा. जोर जमिनीवर मारायचे नाहीत, कारण मनगट मागे वळत नव्हते. ओट्याच्या कडेवर मुठी टेकून तिरके मारायचे. मुद्गलाच्या मुठीला जाड फडके गुंडाळायचे आणि तो डोक्यामागे न नेता नुसता पुढे झुलवायचा.

तीन आठवड्यांनी वस्ताद सांगलीला परतले. पहिले काही दिवस त्यांनी दार लावून घरातच व्यायाम केला. मग एके दिवशी काय वाटले कोण जाणे, पाट काखेत घेऊन सकाळी नऊला तालमीत गेले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने मोजू लागले. पोरे एकमेकांना कोपरखळ्या मारत होती. "वस्ताद, जेवायला बसताय का?" एकाने विचारलेच.

"तू वाढणार असलास तर बसतो," वस्ताद म्हणाले. "आट."

चैत्रात एकदा मोह झाला. एकदम दोन पाट काढले आणि चार दिवस लंगडले. निमूटपणे दोन्ही पाट परत ठेवले. आषाढ सरताना खाली दोनच पाट उरले. त्याखाली गुडघा जाणार नव्हता. ते त्यांनी मान्य केले. हवालदार मुद्दाम येऊन उठायची नवी तऱ्हा शिकवून गेले.

पंचमीला तालीम गच्च भरली. वस्ताद हौद्यात उतरले. पूर्वीसारखे उकिडवे बसलेच नाहीत. डावा गुडघा मातीत टेकला, उजवाही सावकाश टेकला, मुठींवर भार घेतला आणि कपाळ ओल्या, पिवळट मातीला लावले. मग मुठी थोड्याथोड्या मागे आणल्या. उजवे पाऊल पुढे रोवले. दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर दाबले आणि एका दमात सरळ उभे राहिले.

"हाताचा टेकू घेतला!" मागून कुणीतरी ओरडले.

पंच्याहत्तरीचे आकाराम आबा काठी आपटत उठले. तालमीतले सगळ्यात जुने तेच. "गप रं! दुसऱ्याचा हात घ्यायचा न्हाई, असा नेम हाय. मांडी त्याची, हातबी त्याचाच. तुज्या बापाचा घेतला का?"

हशा उसळला आणि त्यावर हलगी अशी कडाडली की पुढचे कुणाला ऐकू आले नाही. वस्तादांनी फेट्याला हात लावून पाहिला. तो जागेवर होता. मग त्यांनी तिथेच, हौद्यात, सगळ्यांना दिसेल अशी एक अर्धी बैठक मारली. अख्खी तालीम गरजली, "एक!"

गर्दी पांगल्यावर ज्योतिबा पाय धुवायला पाणी घेऊन आला. फेटा हुकला त्याचा. वस्तादांना वाटले, गडी नाराज असेल. पण त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "वस्ताद, माजा उजवा खांदा दोन म्हयनं वर जाईना. कुणाला बोललो न्हाई."

वस्तादांनी त्याचा हात धरून कळ येईपर्यंतच, अगदी हळू, वर नेला.

"उद्या ऊन वर आल्यावर ये," ते म्हणाले. "आन् मोठ्यानं मोजायची तयारी ठेव."